नागपुरात बेसा साइडला घरी जमिनीतला स्विमिंग पूल बांधून घेतला, काम कसं झालं ते सविस्तर

आधी सरळ सांगून टाकते, ह्या टीमला मी पाचपैकी चार देते आणि ते चारही जमिनीखालच्या कामाचे आहेत. वरचं जे दिसतं, टाइल्स, लाइट, डेक, ते ठीकठाक. पण नागपुरात घरी जमिनीत पूल करायचा असेल तर मोबाइलवरचे निळ्या पाण्याचे फोटो पाहून ठेकेदार ठरवू नका. तो तुमची माती पाहून काय बोलतो, खड्ड्यात उतरतो का, आणि टाइल लावायच्या आधी पाणी भरून दाखवायला तयार होतो का हे पाहा. ह्यांच्यात ते सापडलं म्हणून एवढं मोठं लिहून राहिले. जिथं त्यांनी त्रास दिला तेही लिहिते, त्यांच्या साहेबांना तोंडावर सांगितलेलंच आहे.

आमचं घर बेसा साइडला, मागच्या बाजूला बरी मोकळी जागा होती. सासूबाईंचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला होता, आणि इकडचा उन्हाळा तर माहीतच आहे सगळ्यांना, ४५-४६ पर्यंत पारा जातो, मुलं सुट्टीभर कूलरसमोर पडून असतात. म्हणून २४ बाय १२ फुटांचा, एका टोकाला ३ फूट आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल असा छोटा पूल ठरवला. एवढ्यात साधारण ३२-३३ हजार लिटर पाणी बसतं. घरच्यासाठी पुरे आहे, ह्याच्यापेक्षा मोठा करायचा मोह कोणी घालेल तर पाण्याचा हिशोब आधी करा, तो पुढं देते.

कोटेशन तिघांकडून घेतले. पहिला म्हणे फायबरग्लासचा तयार शेल आणतो, क्रेननं ठेवतो, आठवड्यात पोहायला लागा. फायबर काही वाईट नसतं, आतून गुळगुळीत असतं, शेवाळ कमी धरतं, पण आमच्या गल्लीत वरून तारा, क्रेनला फिरायला जागा नाही, आणि मुख्य म्हणजे शेलच्या भोवती भराव कशाचा घालणार विचारलं तर म्हणे खोदलेलीच माती परत टाकू. तिथंच मन उडालं. दुसऱ्याचा रेट सगळ्यात कमी होता, नऊ इंची विटांची भिंत, आतून प्लास्टर, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि वर टाइल. त्याला काळ्या मातीचं विचारलं तर म्हणे काही होत नाही मॅडम, सगळीकडे असंच करतो. तिसरे हे. ह्यांचा सुपरवायझर पहिल्याच भेटीत म्हणाला रेट नंतर सांगतो, आधी एक खड्डा मारून पाहू.

माणूस लावून कोपऱ्यात डोक्याएवढा खोल खड्डा घेतला. वर चार-साडेचार फूट काळीभोर माती, त्याच्याखाली पिवळट मुरूम, आणि दिवाळीनंतरचे दिवस असूनही तळाशी ओल. त्यानं मातीचा गोळा हातात घेतला, पाणी शिंपडून मळला, दोन बोटांत दाबून लांब पट्टी काढून दाखवली, ती तुटेचना. म्हणाला, "ताई, ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तुमच्या अंगणात भेगा पडतात ना, तोच जोर उद्या टाकीच्या भिंतीवर येणार आहे. विटांची भिंत दोन उन्हाळे काढंल, तिसऱ्यात चिरंल."

हे मी नंतर आमच्या ओळखीच्या सिव्हिल इंजिनियरला विचारून पक्कं करून घेतलं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आखडते, दरवर्षी. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पार पूर्व काठावर बसलेलं आहे, शहराच्या पश्चिमेला काळा दगड आणि पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुना ग्नाइसचा खडक, त्यामुळे एका वस्तीत दोन फुटांवर मुरूम लागतो तर दुसरीकडे सहा फूट काळी माती निघते. म्हणून शेजाऱ्याकडे जे चाललं ते आपल्याकडे चालेलच असं नाही, प्रत्येक प्लॉटचा खड्डा घेऊनच पाहायला पाहिजे.

मग काम सुरू झालं. पूलपेक्षा सगळीकडून मोठा खड्डा घेतला, काळी माती पूर्ण काढून ट्रकनं बाहेर पाठवली, कितीही म्हटलं बागेसाठी थोडी ठेवा तरी भिंतीजवळ एक टोपलंही पडू दिलं नाही. तळाला दगडाची सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), मुरूम टाकून पाणी मारून रोलरनं दाबलेला, वर पीसीसी, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा थर. त्याच्यावर लोखंडाची दुहेरी जाळी, तळाला पण आणि भिंतीला पण. काँक्रीट एम ३० (हा त्याच्या मजबुतीचा ग्रेड), कारण पाणी धरणाऱ्या बांधकामासाठी आपला जो आयएस ३३७० कोड आहे त्यात आरसीसीसाठी (सळयांच्या काँक्रीटसाठी) साधारणपणे त्याच्याखालचा ग्रेड चालत नाही, हे त्यांनी कोटेशनमध्येच लिहिलेलं होतं. दुसऱ्या ठेकेदारांच्या कोटेशनमध्ये "उत्तम दर्जाचे काँक्रीट" एवढंच होतं.

तळ आणि भिंत ह्यांच्या सांध्यात पीव्हीसीची वॉटर बार टाकली. ही रबरासारखी रुंद पट्टी असते, अर्धी तळाच्या काँक्रीटमध्ये आणि अर्धी भिंतीच्या काँक्रीटमध्ये राहते, म्हणजे सांध्यातून पाणी सरळ पार होऊ शकत नाही. पहिल्या दिवशी मजुरांनी ती पट्टी मधूनच खिळे मारून बसवली होती, भोकं पडलेली. सुपरवायझरनं पाहिलं, सगळी काढायला लावली, नवीन आणली आणि तारेनं कडेला बांधून घेतली. अर्धा दिवस गेला. मला तर कळलंही नसतं, काँक्रीट पडल्यावर कोणाच्या बापाला दिसणार होतं ते, तरी त्यानं केलं. ह्यासाठी मी त्या माणसाचे मनापासून आभार मानते.

क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं, ते पण नीट झालं. तळात आळं करून पाणी साठवलं, भिंतींना गोणपाट लावून सकाळ-संध्याकाळ पाणी. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर कोडप्रमाणे कमीत कमी १० दिवस, आणि गरम कोरड्या हवेत १४ दिवस ओलं ठेवायचं असतं. ह्यांनी थंडी असूनही दोन आठवडे ठेवलं. म्हणूनच सांगते, नागपुरात हे काम दिवाळीनंतर काढा. एप्रिल-मेमध्ये काँक्रीट टाकलं तर सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता सुकलेलं असतं, आणि जून लागला की खड्ड्यातच पाणी.

आता पावसाळ्याचा मुद्दा, जो मला कोणीच आधी सांगितला नव्हता. पूल भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्याला खाली दाबून धरतं. पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं आणि त्याच वेळी कोणी साफसफाईसाठी पूल रिकामा केला, तर रिकामी घागर हौदात जशी वर येते तसा तो खालून उचलला जातो. हिशोब सोपा आहे, तळाच्या वर मीटरभर पाणी जमिनीत उभं राहिलं की दर चौरस मीटरला एक टन जोर खालून लागतो. आमच्या पूलचा तळ जवळपास २७ चौरस मीटर, म्हणजे २६-२७ टन. तळ तडकतो नाहीतर अख्खा पूल तिरपा होतो.

ह्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला, बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला की तो आपोआप उघडून पाणी आत घेतो. आणि पूलच्या बाहेरून चारही बाजूंनी गिट्टीत भोकं पाडलेला पाइप फिरवून एका कोपऱ्यात छोट्या सम्पला (पाणी जमायच्या खड्ड्याला) जोडला, त्याच्यातून चार इंची उभा पाइप वर अंगणात काढलाय, झाकणासकट. जुलैच्या झडीत मी सुतळीला नट बांधून त्या पाइपमध्ये सोडून पाहायची, सुतळी किती ओली होते त्यावरून कळतं जमिनीतलं पाणी कुठवर आलंय. एका आठवड्यात ते चांगलंच वर आलं होतं, मग छोटा पंप सोडून काढलं. हा पाइप कोटेशनमध्ये फार महागाचा नाही, पण तो नंतर घालता येत नाही, म्हणून आधीच भांडून घ्या.

पाइपलाइनची प्रेशर टेस्ट काँक्रीटच्या आधी घेतली, गेज लावून प्रेशर भरून ठेवलं आणि काँक्रीट पडेपर्यंत तसंच राहू दिलं, म्हणजे कोणाच्या पायानं पाइप फुटला तर काटा लगेच पडेल. तळाला ड्रेन दोन दिलेत, एकमेकांपासून तीन फुटांहून लांब. ह्याचं कारण नीट समजून घ्या कारण हे जिवाशी संबंधित आहे, एकच ड्रेन असला आणि त्याच्यावर लहान मूल बसलं किंवा केस अडकले तर पंपाची पूर्ण ओढ तिथंच लागते आणि सुटता येत नाही. दोन असले की एक झाकला तरी पंप दुसऱ्यातून पाणी ओढतो. जो ठेकेदार एका ड्रेनचं ड्रॉइंग देईल त्याला घरी परत पाठवा.

सगळ्यात जास्त खटके उडाले ते वॉटर टेस्टवर, आणि गंमत नाही, तेव्हा मी टाइलवाल्याच्या बाजूनं नव्हते, पण घरचे होते. वॉटरप्रूफिंग झालं, टाइल येऊन पडल्या, टाइलवाला मोकळा बसलेला, त्याचा पुढचा साइट लागलेला, आणि हे म्हणतात आता पूर्ण काठोकाठ पाणी भरायचं, आठवडाभर पाहायचं, मग सगळं सोडून द्यायचं. ३२ हजार लिटर पाणी टेस्टला! आमचे हे म्हणाले अरे एवढं पाणी, टाइल लावून मग भरू ना एकदाच. पण सुपरवायझर ऐकेना, म्हणे टाइल लागल्यावर गळती कुठून होते ते शोधायला टाइल फोडावी लागते, आता फक्त डोळ्यांनी दिसते.

भरलं. भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली आणि पायरीवर एक बादली तेवढ्याच पातळीपर्यंत पाणी भरून ठेवली. बादलीतलं पाणी जेवढं उतरतं तेवढं उन्हानं उडालं, पूलमधलं त्याच्याहून जास्त उतरलं तर वरचा फरक गळतीचा. दोन दिवसांत फरक दिसला. पाणी उतरत उतरत लाइटच्या खोबणीपर्यंत आलं आणि तिथं थांबलं, म्हणजे गळती तिथंच. खोबणीच्या मागून जो वायरचा पाइप जातो त्याच्या कडेनं पाणी जात होतं. त्यांनी कॉलरभोवती फोडून नॉन-श्रिंक ग्राउट (वाळल्यावर न आकसणारा मसाला) भरलं, परत कोटिंग केलं, परत पाणी भरलं, तेव्हा रेघ आणि बादली सोबत उतरले. टेस्टचं पाणी आम्ही थोडं बागेला आणि बाकी शेजारच्या बांधकामाला दिलं, वाया नाही घालवलं. ही टेस्ट झाली नसती तर ती गळती टाइलच्या मागं राहिली असती आणि बाहेरची माती वर्षभर ओली. काळी माती ओली ठेवणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे.

टाइल काम बरं आहे. ग्लास मोझॅक घेतली, इपॉक्सी ग्राउट. एका कोपऱ्यात रेघा जुळत नाहीत, बसल्या जागेवरून दिसतं, मी दाखवलं तेव्हा म्हणाले पाण्यात दिसणार नाही. दिसतं. असो, त्याच्यासाठी फोडाफोड करायची माझी इच्छा नव्हती.

डेकबद्दल मात्र मी नाराज आहे. लिहून ठरलं होतं फिकट रंगाचा, खरबरीत दगड. आणला गडद राखाडी, म्हणे फिकट स्टॉकमध्ये नाही, हाच चांगला दिसतो. मार्चपर्यंत चांगला दिसला. एप्रिलच्या दुपारी त्याच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, मुलांना पाण्यातून निघून घरात यायला चपला लागतात आणि ओल्या चपलेनं घसरण्याची भीती वेगळी. शेवटी आम्ही पायरीपासून दारापर्यंत मॅट टाकली. नागपूरच्या माणसानं नागपुरात काळपट दगड पूलभोवती लावावा हे मला अजून पटलेलं नाही.

त्याहून मोठी चूक उताराची. डेकचा उतार पूलपासून बाहेर पाहिजे, ह्यांच्या मिस्त्रीनं एका बाजूचा पूलकडे काढला. जूनच्या शेवटी पहिला जोरदार पाऊस आला, लॉनवरची माती, पानं, सगळं गढूळ पाणी त्या बाजूनं सरळ पूलमध्ये. दोन दिवसांत पाणी हिरवं, चौथ्या दिवशी पायरीही दिसेना. फोन केला तर "माणूस पाठवतो ताई". ग्रुपवर फोटो टाकले, पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. काम चालू असताना जो ग्रुप दिवसभर वाजत होता तो बिल झाल्यावर थंड पडला. बरेच दिवस नुसता पाठपुरावा करून नाकी नऊ आले, तेव्हा कुठं त्यांचे साहेब स्वतः आले, पाहून मान्य केलं की उतार चुकला, आणि त्या कडेला लांब जाळीचं ड्रेन कापून बसवून द्यायचं कबूल केलं. मान्य केलं हे चांगलं. पण एवढा वेळ लागायला नको होता.

पाणी हिरवं झालं ते मात्र आम्ही घरीच नीट केलं, आणि ते कसं ते लिहिते, कारण त्यांनी शिकवलं ते अर्धवटच होतं, हस्तांतरणाच्या दिवशी धावपळीत व्हॉल्व्ह दाखवले आणि एक डबा हातात दिला. आधी जाळीनं पानं काढली, पीएच तपासून खाली आणला, रात्री क्लोरीनचा मोठा डोस, भिंती ब्रशनं घासल्या, पंप रात्रंदिवस चालू. तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमनं काढताना व्हॉल्व्ह "वेस्ट"वर ठेवला म्हणजे घाण फिल्टरमध्ये न जाता बाहेर गेली. आणि बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं, वारंवार. फिल्टरवरचा दाबाचा काटा स्वच्छ असताना जिथं असतो त्याच्यापेक्षा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश करायचा, एवढं एक समजलं की सँड फिल्टर फार त्रास देत नाही.

रोजचे आकडे लक्षात ठेवायचे ते हे: पीएच ७.२ ते ७.६, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) ८० ते १२० पीपीएम. थेंबांची किट घ्या, कागदी पट्टीवर मला भरवसा वाटत नाही. आता आपल्याकडचा खास प्रश्न. बोअरचं पाणी जड, कॅल्शियम आधीच भरपूर. त्यात दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट टाकत राहिलं की कॅल्शियम आणखी वाढतं आणि पाण्याच्या रेषेवर टाइलला पांढरा थर बसतो. मग मेंटेनन्सवाला मुलगा म्हणाला टीसीसीए ९० (दुसऱ्या प्रकारचं क्लोरीन) टाका. त्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड येतं. ते थोडं पाहिजेच, ३० ते ५० पीपीएम, कारण ते नसेल तर इथल्या उन्हात क्लोरीन दोन-चार तासांत उडून जातं. पण दर वेळी टीसीसीएच टाकलं तर ते ॲसिड साठत जातं, कमी होत नाही, आणि एका पातळीनंतर किटवर क्लोरीन दिसतं तरी शेवाळ मरत नाही. मग थोडं पाणी काढून ताजं भरणं एवढाच उपाय. आम्ही आता टीसीसीए आणि लिक्विड क्लोरीन आळीपाळीनं वापरतो आणि पहिल्यांदा भरताना बोअरचं पाणी लॅबमधून तपासून, अर्धं टँकरचं घेतलं होतं. हे पाणी तपासायचं त्यांनीच सुचवलं होतं, तेवढं श्रेय त्यांचं.

उन्हाळ्यात पाणी किती उडतं हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मे महिन्यात, विशेष करून नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की, बादली ठेवून पाहिलं तर दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उतरतं. आमच्या मापाला सेंटिमीटर म्हणजे साधारण २६०-२७० लिटर, रोज. ज्यांच्या बोअरला मेमध्ये पाणी राहत नाही त्यांनी पूलचा विचार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, विदर्भात उन्हाळ्यात लोक टँकरची वाट पाहतात आणि आपण मजेसाठी पाणी उडवायचं हे बरोबर नाही. आम्ही वर हिरवी शेडनेट लावली, नसताना कव्हर टाकतो, फरक चांगला पडतो. छतावर पडणारं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायची सोय पण ह्याच कामात करून घेतली.

आणि दुपारी पाणी चक्क कोमट होतं. ह्यावर त्यांचा एक उपाय मस्त निघाला, भिंतीवरून पडणारी रुंद धार दिलीये, ती दिवसा न चालवता रात्री दहा ते सकाळपर्यंत चालवायची. रात्रीच्या कोरड्या हवेत पाणी पडताना थोडं उडतं आणि बाकीचं थंड होतं, आपला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच. सकाळी सहाला सासूबाई उतरतात तेव्हा पाणी छान गार असतं. त्या ३ फुटांच्या बाजूला कठडा धरून ये-जा करतात, आधी पायरी चढताना थांबत होत्या, आता दोन्ही वेळा विचारतात पाणी साफ आहे का ग.

इलेक्ट्रिकचं. लाइट १२ व्होल्टचे आहेत, बरोबर. पण ह्यांच्या इलेक्ट्रिशियननं ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी न लावता साधी एमसीबी लावून कनेक्शन चालू करून दिलं होतं. एमसीबी ओव्हरलोडला आणि शॉर्टसर्किटला पडते, माणसाला करंट लागला तर ती पडेलच असं नाही, त्याच्यासाठी आरसीसीबी लागते. पाण्याजवळ ह्यात तडजोड नको, मी बदलून होईपर्यंत मुलांना उतरू दिलं नाही. वेगळी अर्थिंग पण मागून घेतली. लाइटचा ट्रान्सफॉर्मर प्लांट रूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलाय, तोही वर घ्यायला सांगितलाय.

कुंपण त्यांच्या कोटेशनमध्ये नव्हतंच, विचारलं तर म्हणे पुढं पाहू. ज्या घरात लहान मूल येतं-जातं तिथं पुढं पाहू चालत नाही. आम्ही आमच्या फॅब्रिकेटरकडून चार फुटी जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक करून घेतलं, कडी आतल्या बाजूला आणि उंचावर, पाणी भरायच्या आधी. हे प्रत्येक पूलवाल्यानं पॅकेजमध्येच द्यायला पाहिजे.

पैशाचं विचारतीलच. सगळं मिळून, जीएसटी धरून, पंधरा लाखांच्या थोडं आत बसलं. विटांवाल्याच्या कोटेशनपेक्षा बरंच जास्त आहे, फरक जवळपास सगळा खोदाई, मुरूम, लोखंड आणि काँक्रीटचा आहे. पंप १ एचपीचा, रोज सहा तास चालला की साडेचार-पाच युनिट, धार चालवली तर जास्त. नकाशात पूल दाखवून आर्किटेक्टकडून सुधारित मंजुरी आधी घेतली, ते करूनच घ्या, कामवाले ह्याबद्दल स्वतःहून बोलत नाहीत.

मग घ्यावं का ह्यांच्याकडून काम? सिव्हिलचं, हो, डोळे झाकून नाही पण भरवशानं, आणि तो सुपरवायझरच साइटवर राहील हे करारात लिहून घ्या. डेकचा दगड, उतार, आरसीसीबी, कुंपण, वर्षभराची सर्व्हिस किती तासांत येणार, हे प्रत्येक कागदावर पाहिजे. आणि शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत देऊ नका. आम्ही ते रोखून ठेवले होते म्हणूनच साहेब स्वतः आले असं मला वाटतं. दसऱ्यानंतर जाळीचं ड्रेन बसलं, लॉनवर पाइप लावून पाणी सोडून पाहिलं, एक थेंब पूलमध्ये गेला नाही, तेव्हा चेक दिला. ट्रान्सफॉर्मर अजून खालीच आहे, ह्या महिन्यात वर बसवून देतो म्हणालेत, बसला की इथंच खाली टाकते.